कॅसेटची डीव्हीडी करताना चित्राला फणीचे दाते का फुटतात?

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटमध्ये माझे जाणे-येणे मांजरपाटाच्या निमित्ताने होते. मसाला मार्केटमधल्या काही गाळ्यांना पिशव्यांसाठी कापड लागते, ते मी पोचवतो. रमजानमधला खजुराचा हंगाम आटोपला की तिथल्या मंडळींना थोडी फुरसत मिळते. अशाच एका दुपारी ओळखीच्या एका व्यापाऱ्याने गादीवरूनच मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यांच्या निकाहची १९९४ सालची व्हिडिओ कॅसेट त्यांनी एका दुकानातून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली होती. चित्रात त्यांचे मरहूम वालिद दारात उभे राहून पाहुण्यांना हाताने "या, बसा" करीत होते. ते स्थिर उभे असले की चित्र साफ दिसे. हात हलला की हाताच्या दोन्ही कडांना आडव्या रेघा फुटत, जशी फणीच चिकटवली आहे. चेहरा वळला की नाक-डोळे रेघांत फाटून जात.

"कॅसेटच खराब झाली, आता टाकून देतो," ते म्हणाले.

मी म्हटले, "भाई, कॅसेट मुळीच टाकू नका. कॅसेट चांगली आहे, काम खराब झालेले आहे."

हे मी ठामपणे सांगू शकलो, कारण तीच ठेच मला आधी लागलेली होती. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची कॅसेट एका दुकानदाराने पहिल्यांदा दात्यांसकट दिली. तक्रार केली तेव्हा दाते गेले, पण त्यांच्या जागी प्रत्येक हलत्या माणसामागे त्याची सावली धावू लागली. दोन्ही वेळा पैसे गेले. मग भाच्याच्या कॉम्प्युटरवर बसून हे प्रकरण मुळापासून समजून घेतले. मी इंजिनिअर नाही. कापडवाला आहे, आणि खरे सांगायचे तर हा विषय कापडवाल्याला लवकर कळतो. आपल्या वाचकांत फोटो-व्हिडिओचा धंदा करणारे आहेत, कॅसेटी बदलून देण्याची दुकाने चालवणारे आहेत, आणि घरातल्या पेटीत जुन्या कॅसेटी असलेले तर सगळेच आहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

दोन धोट्यांचे कापड

आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ साली आला. त्याची पद्धत पाल. या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या ओळींचे असते. त्यांतल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर सेकंदाला २५ वेळाच चित्र उमटले असते तर डोळ्यांना लुकलुक जाणवली असती. ५० पूर्ण चित्रे पाठवावीत तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागली असती. म्हणून एक तडजोड काढली गेली. आधी १, ३, ५, ७ अशा विषम ओळी पाठवायच्या, मग २, ४, ६, ८ अशा सम ओळी. एकेका पाळीत २८८ ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड, दोन फील्डचे मिळून एक पूर्ण चित्र, म्हणजे फ्रेम. या गुंफणीला इंटरलेस हे नाव आहे.

मागावर दोन धोटे चालवले, एक पांढऱ्या सुताचा आणि एक काळ्या सुताचा, आणि आळीपाळीने एकेक आडवा धागा टाकला, तर कापड दिसायला एकसंध दिसते. प्रत्यक्षात त्यातला अर्धा बाणा एका धोट्याचा असतो आणि अर्धा दुसऱ्याचा. टीव्हीचे चित्र तसेच आहे. फरक एवढाच की इथे दोन धोट्यांच्या मध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग निघून गेलेला असतो. विषम ओळींत हात जिथे आहे, सम ओळींत तो त्याच्या थोडा पुढे गेलेला आहे. डीव्हीडीच्या चित्राची रुंदी ७२० ठिपके. एखादा हात सेकंदात ही पूर्ण रुंदी ओलांडत असेल तर एका फील्डपासून दुसऱ्या फील्डपर्यंत तो सुमारे १४ ठिपके सरकतो. दोन्ही फील्ड एकदमच दाखवले तर कडेला १४ ठिपके लांबीचे दाते दिसणारच.

जुन्या टीव्हीवर हे कधी दिसले नाही, कारण तो टीव्ही दोन्ही फील्ड एकदम दाखवतच नसे. आधी एक उमटायचा, तो विझत असताना दुसरा. ज्या वेळेचा धागा त्याच वेळी दिसायचा. कॉम्प्युटर, मोबाईल आणि चपटा टीव्ही मात्र सगळ्या ओळी एकाच वेळी उजळतात. तेव्हा दाते हा कॅसेटचा दोष नाही. दोन वेगळ्या क्षणांचे धागे एका क्षणात दाखवल्याचा तो परिणाम आहे.

कापडवाल्यांनी एक गंमत जरूर आठवून पाहावी. बारीक आडव्या रेघांचा शर्ट किंवा बारीक चौकडी घालून कोणी टीव्हीवर आले की ते कापड थरथरताना दिसे. त्या कापडात काही खोट नव्हती. रेघ जर टीव्हीच्या एका ओळीइतकीच बारीक असेल तर ती फक्त एकाच फील्डमध्ये सापडते, दुसऱ्यात नसतेच. म्हणजे ती सेकंदाला २५ वेळा दिसते आणि २५ वेळा नाहीशी होते. हीच ती थरथर.

शोले आणि मालेगावचा शोले

आता दुसरी गाठ. सिनेमाची फीत गुंफलेली नसते. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ पूर्ण चित्रे घेतो. ती फीत टीव्हीसाठी किंवा कॅसेटसाठी उतरवण्याच्या क्रियेला टेलेसिन म्हणतात.

पाल देशांत हे काम सोपे होते. २४ चित्रांची फीत सरळ २५ च्या वेगाने चालवायची, की झाले. सिनेमा सुमारे ४ टक्के भरभर पळतो आणि आवाज किंचित बारीक होतो. तीन तासांचा, म्हणजे १८० मिनिटांचा सिनेमा १७२ मिनिटे ४८ सेकंदांत संपतो. प्रेक्षकाला हे सहसा कळतही नाही. महत्त्वाचे हे की इथे दोन्ही फील्ड एकाच चित्रातून कापलेले असतात, त्यामुळे दोन्हींचा क्षण एकच. अशा कॅसेटमधले दोन्ही धागे नुसते शेजारी बसवले की मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. दाते नाहीत, काही काढायचे नाही, काही बदलायचे नाही.

एक उदाहरण घेऊ. १९७५ सालचा 'शोले' फिल्मवर चित्रित झालेला आहे. मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली काढलेला 'मालेगाव के शोले' व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झालेला आहे. मालेगाव यंत्रमागांचे गाव, आणि त्या सिनेमांत काम करणारे बरेचसे लोक मागावर आणि छोट्या धंद्यांत राबणारे. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ सालच्या माहितीपटामुळे हे काम जगभर पोचले, आणि २०२५ साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा सिनेमाही थिएटरांत लागला. या दोन्ही शोलेच्या पाल कॅसेटी समजा एकाच टेबलावर आल्या. व्हीसीआरला दोन्ही सारख्या. पण पहिलीत सेकंदाला २५ वेगळे क्षण आहेत आणि दुसरीत ५०. पहिलीवर दाते काढण्याचे हत्यार चालवले तर चांगले चित्र उगाच बोथट होते. दुसरी नुसती जोडून कॉम्प्युटरवर दाखवली तर हलणारा गब्बर फणीसारखा फाटतो. म्हणून कारागिराने पहिल्यांदा हे पाहायचे की समोरचा माल फिल्मचा आहे की व्हिडिओचा. लग्नाच्या कॅसेटी जवळजवळ सगळ्याच दुसऱ्या जातीच्या.

अमेरिका आणि जपानची पद्धत एनटीएससी. तिच्यात ५२५ ओळी, चित्राच्या ४८० आणि सेकंदाला जवळजवळ ६० फील्ड, नेमके सांगायचे तर ५९.९४. इथे २४ चित्रांतून ६० फील्ड पुरवायचे असतात, वेग वाढवून भागत नाही. म्हणून पहिल्या चित्राचे दोन फील्ड, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन, चौथ्याचे तीन, असे वाटप करतात. चार चित्रांचे दहा फील्ड झाले, म्हणजे पाच फ्रेम. त्या पाच फ्रेम उलगडून पाहा. पहिल्या फ्रेममध्ये पहिल्या चित्राचे दोन्ही फील्ड, दुसरीत दुसऱ्याचे दोन्ही. तिसरीत दुसऱ्याचा उरलेला एक आणि तिसऱ्याचा एक. चौथीत तिसऱ्याचा एक आणि चौथ्याचा एक. पाचवीत चौथ्याचे दोन्ही. तीन साफ, दोन मिसळलेल्या. चार ताग्यांचा माल पाच गठ्ठ्यांत बांधायचा म्हणून दोन गठ्ठ्यांत भेसळ करावी लागली, तसा हा प्रकार.

ही भेसळ हिशेबाने केलेली असल्यामुळे हिशेबानेच सोडवता येते. तुटलेले जोड परत जुळवायचे आणि पाचातली एक जादा फ्रेम काढून टाकायची. याला इन्व्हर्स टेलेसिन म्हणतात. मूळची २४ चित्रे (एनटीएससीत नेमकी २३.९७६) अगदी जशीच्या तशी मिळतात. इथे दाते पुसणारे साधारण हत्यार वापरणे म्हणजे नुसती उलटी शिवलेली बाही उसवायची सोडून कात्रीने कापून टाकण्यासारखे आहे.

हिंदी सिनेमाच्या परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी निघालेल्या बऱ्याच डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या होत्या, आणि त्या आपल्याकडच्या बाजारातही फिरल्या. त्यांतल्या काही आधी पालमध्ये उतरवून मग एनटीएससीत बदललेल्या होत्या. अशा डिस्कवर दोन चित्रे एकमेकांत विरघळवलेली असतात. तिचे काही करता येत नाही, ती तशीच ठेवावी.

माल ओळखण्याची रीत

कॉम्प्युटरवर फाईल उघडा. प्लेअरमधले डीइंटरलेस आधी बंद करा, कारण बऱ्याच प्लेअरमध्ये ते आपोआप चालू असते आणि मग दोष असूनही दिसत नाही. आता एखादा आडवा हलणारा प्रसंग शोधा. वाढप्याचा हात, धावणारे पोर, रस्त्यावरची मोटार. तिथे एकेक फ्रेम पुढे सरकवत दहा-पंधरा फ्रेम पाहा.

प्रत्येक फ्रेमला दाते असतील तर माल व्हिडिओचा, खरा इंटरलेस. तीन साफ आणि दोन दात्यांच्या अशी लय सापडली तर एनटीएससी टेलेसिन. एकही दाता नसेल तर सरळ पाल सिनेमा, किंवा मग आधीच कोणीतरी हात मारून ठेवलेला माल. पालमधला सिनेमा असूनही प्रत्येक फ्रेमला दाते दिसतात असेही कधी होते. तिथे जोड एका फील्डने घसरलेला असतो, शर्टाचे बटण एक काज सोडून लावल्यासारखा. एक फील्ड सरकवून पुन्हा जोडले की सगळे दाते एकदम नाहीसे होतात. हे तपासायला पाच मिनिटे लागतात. माझ्या बहिणीच्या कॅसेटला कोणी ही पाच मिनिटे दिली असती तर माझे दोनदाचे पैसे वाचले असते.

आखातातून आणलेले कॅमेरे बहुतेक पाल असतात, अमेरिकेतून किंवा जपानमधून आणलेले एनटीएससी. एकाच घरातल्या कॅसेटींत दोन्ही निघू शकतात. गिऱ्हाइकाला विचारण्यात कमीपणा नाही.

डीव्हीडीसाठी दाते काढायचेच नाहीत

बहुतेक दुकानांत नेमकी इथे चूक होते. डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये आली ती नळीच्या टीव्हीच्या काळात. तिची एमपेग-२ ही पद्धत गुंफलेले चित्र जसेच्या तसे ठेवण्यासाठीच बनलेली आहे. पाल डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ ठिपके आणि ५० फील्ड बसतात. लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवायची तर दाते तसेच राहू द्यावेत. ते सोडवण्याचे काम गिऱ्हाइकाचा टीव्ही किंवा प्लेअर करतो. दुकानदाराने दाते काढून डीव्हीडी केली तर त्याने ५० क्षणांतले २५ क्षण फेकून दिले. डिस्क नळीच्या टीव्हीवर लावली तरी चाल गुळगुळीत राहत नाही, आणि फेकलेले क्षण त्या डिस्कमधून पुन्हा कधीच मिळत नाहीत.

मात्र एन्कोडरला सांगावे लागते की माल गुंफलेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये 'इंटरलेस्ड' असा पर्याय असतो, काहींत 'अल्टरनेट स्कॅन' असाही. तो निवडला नाही तर काय होते? एमपेग चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून ते दाबते. चौकोनात दाते असतील तर ती त्यांना फार बारीक नक्षी समजते आणि सगळी जागा त्यांच्यावरच खर्च करते. मग चेहऱ्यांवर ठोकळे दिसू लागतात. पर्याय निवडला की ती हलत्या चौकोनातल्या विषम ओळी एकीकडे आणि सम ओळी एकीकडे लावून दाबते. जागा वाचते, चित्र साफ राहते.

दुसरी गोष्ट क्रमाची. आधी वरचा फील्ड की खालचा? मिनी-डीव्ही कॅसेटमध्ये खालचा फील्ड आधी असतो. कॅप्चर कार्डाने व्हीएचएसवरून उतरवलेल्या मालात पुष्कळदा वरचा आधी असतो. क्रम उलटा लागला तर क्षण १, २, ३, ४ असे न येता २, १, ४, ३ असे येतात. माणूस चालताना पुढे-मागे, पुढे-मागे लटपटतो. स्थिर चित्रात हा दोष मुळीच कळत नाही आणि कॉम्प्युटरवर बऱ्याचदा लपून राहतो. म्हणून पूर्ण कॅसेट चढवण्याआधी दोन मिनिटांची डिस्क करून खऱ्या प्लेअरवर, खऱ्या टीव्हीवर पाहावी. पुन्हा लिहिता येणाऱ्या एका डिस्कवर हे कितीही वेळा करता येते.

जागेचा हिशेबही सांगतो, कारण यात गिऱ्हाइकाला खूश करण्याच्या नादात काम बिघडते. साध्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट मावतात. ९० मिनिटांच्या मालाला आवाज धरून सेकंदाला सुमारे ६.९ मेगाबिट मिळतात, दोन तासांना सुमारे ५.२, आणि तीन तास कोंबले तर जेमतेम ३.४. व्हीएचएसचे चित्र मुंग्यांनी भरलेले असते. त्या मुंग्यांनाही जागा लागते आणि गुंफलेल्या मालाला आणखी लागते. तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर मागणाऱ्याला दोन डिस्क घ्यायला सांगावे. एका साडीच्या कापडात दोन साड्या कोणी मागितल्या तर आपण नाही म्हणतोच की.

एनटीएससी टेलेसिन सिनेमाची रीत वेगळी. तो आधी उलगडून २३.९७६ चा करावा आणि डीव्हीडीत तसाच भरावा. त्यासोबत फील्ड पुन्हा दाखवण्याची खूण द्यावी. दोन-तीनचे वाटप मग प्लेअर स्वतः करतो. पाचातली एक फ्रेम साठवावीच लागत नाही, तेवढी जागा बाकीच्या चित्राला मिळते.

मोबाईलसाठी मात्र काढायचे

आज बहुतेक गिऱ्हाइके डीव्हीडी न मागता पेन ड्राइव्ह मागतात. मोबाईलला इंटरलेस कळेलच याचा भरवसा नाही, म्हणून तिथे दाते काढूनच द्यावे लागतात. पण कसे, यावर सगळे आहे.

सर्वांत हलकी रीत म्हणजे एक फील्ड फेकून देणे. ५७६ ओळींच्या २८८ उरतात. दुसरी रीत दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळणे. दाते जातात, पण प्रत्येक हालचालीला भूत चिकटते. माझ्या बहिणीच्या लग्नात हेच झाले होते. दोन रंगांची मिसळण जशी परत वेगळी होत नाही, तसे हे कायमचे नुकसान आहे. तिसरी रीत शहाणी आहे. जिथे हालचाल नाही तिथे दोन्ही फील्डच्या ओळी राखायच्या, जिथे हालचाल आहे तिथेच मधल्या ओळी अंदाजाने भरायच्या. यात प्रत्येक फील्डची एक पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेमची फाईल बनवावी. २५ ची केली तर अर्धे क्षण इथेही जातातच. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'येडिफ' आणि 'बीडब्ल्यूडीआयएफ' हे फिल्टर आहेत. 'क्यूटीजीएमसी' आणखी चांगले, पण कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवावा लागतो. हँडब्रेकमध्ये दात्यांसाठी 'डीकोंब' आणि टेलेसिनसाठी 'डीटेलेसिन' असे दोन वेगळे पर्याय आहेत. ते एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

क्रमही पाळावा. आधी दाते काढायचे, मग आकार बदलायचा. गुंफलेले चित्र आधी लहान-मोठे केले की सम-विषम ओळी एकमेकांत कालवल्या जातात आणि नंतर कोणताही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. व्हीएचएसच्या तळाशी जी फाटकी पट्टी दिसते ती कापण्याची घाई करू नये. वरून एकच ओळ कापली गेली तरी सम ओळी विषम होतात आणि क्रम उलटतो. पट्टीवर काळा पडदा टाकावा हे उत्तम.

रंगाचाही धोका सांगून ठेवतो. डीव्हीडीत रंगाची नोंद उजेडापेक्षा विरळ असते, आणि गुंफलेल्या मालात ती प्रत्येक फील्डची वेगळी असते. सॉफ्टवेअरने ती सरळ चित्रासारखी वाचली तर गडद रंगाच्या कडांना रंगाचे धागे सुटतात. सर्वांत जास्त हे लाल रंगात दिसते, म्हणजे नेमके नवरीच्या जोड्यावर. ज्यांचा जन्म कापडात गेला त्यांना ती किनार बघवत नाही.

कॅसेटपाशी परत जा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतर अनेकांनी कॅसेटींच्या व्हीसीडी करून घेतल्या आणि कॅसेटी रद्दीत दिल्या. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ चे. तिला इंटरलेस ठाऊकच नाही, म्हणून एक फील्ड सरळ टाकला जाई. डीव्हीडीच्या मानाने चित्रात चतुर्थांशाहूनही कमी ठिपके उरले. अशा व्हीसीडीवरून "एचडी" करून देतो म्हणणारे आहेत. नाही ते धागे कुठून आणणार? कॅसेट शिल्लक असेल तर काम कॅसेटवरूनच करावे.

हल्ली एक छोटी डबी मिळते. एका बाजूने व्हीसीआरची पिवळी-पांढरी-लाल वायर, दुसऱ्या बाजूने एचडीएमआय. दुकानदाराला ती सोयीची वाटते. पण ही डबी आपल्या मर्जीने दाते काढते आणि चित्र ताणून मोठे करते. बरीचशी ५० चे ६० सुद्धा करतात. मग चाल अडखळते, आणि ते पुढे दुरुस्त होत नाही. त्यापेक्षा साधे कॅप्चर कार्ड, शक्य तर एस-व्हिडिओ वायर, ७२० बाय ५७६, दाते जसेच्या तसे, आणि फाईल कमीत कमी दाबलेली. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. हार्ड डिस्कच्या आजच्या भावात ती महाग नाही. ही मूळ फाईल अमानत म्हणून जपावी. डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, मोबाईल या सगळ्या प्रती तिच्यावरून काढता येतात.

घाई करण्याचे कारणही आहे. व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. आज जी यंत्रे चालतात ती जुन्या सुट्या भागांवर. आणि आपल्या किनारपट्टीच्या हवेत फितीवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून पाहिल्यावर गुंडाळीवर पांढरी पावडर दिसली तर ती यंत्रात घालू नये. हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटीला लागते. ती आधी साफ करणाऱ्याकडे द्यावी.

मार्केटमधल्या त्या व्यापाऱ्यांची कॅसेट आम्ही भाच्याकडे पुन्हा उतरवली. बुरशी नव्हती. दाते राखून दोन डीव्हीडी झाल्या आणि मोबाईलसाठी ५० फ्रेमची वेगळी फाईल. गाळ्यात चार माणसे जमली होती, दोन माथाडी कामगारही हातगाडी टेकवून पाहायला आले. दारातला तो हात आता एकाच कडेचा दिसत होता. त्यांनी ते दृश्य तीनदा मागे नेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भावाकडून आणखी दोन कॅसेटी आल्या. एक दापोलीची. दुसरी न्यू जर्सीची, ५२५ ओळींची, तिच्यासाठी एनटीएससी चालवणारा व्हीसीआर आम्ही अजून शोधतो आहोत.